पैलवानांसाठी पाचशेचा बल्ब

प्लास्टिकच्या विटांच्या पैलवानांची कुस्ती लावायची म्हटलं, की पहिली अडचण अशी येते की त्यांना कंबर नसते. दुसरी, गुडघे नसतात. तिसरी अडचण उजेडाची. ती पहिल्या दोन्हींपेक्षा मोठी आहे, हे मला त्या वर्षीच्या मे महिन्यात कळलं.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. परदेशात असणारा माझा दीर सुट्टीला येऊन गेला आणि जाताना दोन वस्तू ठेवून गेला. एक, हाताच्या पंजात मावणारा सिनेमाचा कॅमेरा. दुसरी, जोडायच्या विटांचं खोकं. बोटाच्या पेराएवढ्या विटा, वर बटणं, एकीत एक टचकन बसायच्या. विटा माझ्या मुलांसाठी होत्या. मुलांनी एक घर बांधलं, पाडलं आणि ती गोट्या खेळायला निघून गेली. कॅमेरा नवऱ्यासाठी होता. त्यानं रंकाळा तलावावर जाऊन म्हशी काढल्या. म्हशी हलतात म्हणून फोटोपेक्षा हे बरं, असं त्याचं म्हणणं.

रीळ एकच होतं. त्यातलं निम्मं म्हशींनी खाल्लं होतं. दिराच्या कपाटात ते किती दिवस पडून होतं कोण जाणे, डब्यावरची मुदतही टळून गेली होती. "खराब व्हायला ते काय दूध आहे?" असं नवरा म्हणाला. तो ऑफिसात फायली सांभाळत असे. त्याच्या दृष्टीनं कुठलीच वस्तू शिळी होत नसे.

उरलेल्या निम्म्यावर माझा डोळा होता. शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी कोळीनृत्य व्हायचं. समुद्र न पाहिलेल्या चाळीस मुली टोपल्या घेऊन नाचायच्या. यंदा काहीतरी वेगळं करा, असं मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या होत्या, आणि कॅमेऱ्याबरोबर आलेल्या पत्रकात मी एक युक्ती वाचली होती. कॅमेऱ्याचा खटका एकदा दाबला की एकच चित्र निघतं. मग वस्तू किंचित सरकवायची, पुन्हा दाबायचं, पुन्हा सरकवायची. सगळं सलग दाखवलं की ती वस्तू आपोआप चालायला लागते. पाऊण मिनिटाची कुस्ती दाखवायची तर, एका हालचालीला दोन चित्रं धरूनही, चारशेच्या वर वेळा पैलवानांना हात लावावा लागणार होता. मी चाळीस मुलींना वर्षभर हलवत असे. दोन पैलवान म्हणजे काहीच नाही.

मी एक तांबडा पैलवान बांधला, एक हिरवा. आणि तिथं मामा आले.

आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूबाईंना आत्या. मामांनी पस्तीस वर्षं गावातल्या स्टुडिओत लाईटचं काम केलं होतं. सगळे पिक्चर काळे-पांढरे. मग कामं मुंबईला गेली आणि मामा तीन वर्षं घरी बसले. त्याच आठवड्यात त्यांना स्टुडिओतून निरोप आला होता. जूनच्या अखेरीला मुंबईची कंपनी येणार, पिक्चर रंगीत, लाईटचा मुख्य माणूस म्हणून तुम्हीच या. घरात सगळ्यांना आनंद झाला. मामांचं मात्र जेवण तुटलं. अर्धी भाकरी खाऊन उठायचे. पस्तीस वर्षांत रंगीत पिक्चरचा एकही दिवा त्यांनी लावला नव्हता. लावता आला नाही तर पहिल्याच दिवशी सगळ्या स्टुडिओसमोर ते कळणार होतं.

"तुझ्या पैलवानांचं लाईट मी करतो," मामा म्हणाले. "कलरमधी हात बसतोय का बघतो."

"मामा, खेळण्यातल्या विटा आहेत त्या."

"नटनट्या तरी काय लय वेगळ्या असत्यात? ह्यांचं एक बरं हाय, चा मागत न्हाईत."

लक्ष्मीपुरीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात आम्ही सकाळी दहाला शिरलो आणि जेवणवेळेपर्यंत बाहेर पडलो नाही. मामांनी साठ वॅटचा, शंभरचा, साध्या काचेचा, दुधी काचेचा असे बल्ब काउंटरवर मांडायला लावले आणि एकेक पेटवायला सांगितला. बल्ब पेटला की ते त्याच्याकडं बघतच नसत. डावा हात पुढं धरत, मूठ वळत, उघडत, पंजा फिरवत आणि हाताकडं बघत बसत.

चौथ्या बल्बाला दुकानदार म्हणाला, "पावणं, बलप बघा की. हात काय, घरातबी बघाय मिळंल."

"बलपाकडं बघून लाईट कळत असतं तर पाखरं लाईटमन झाली असती," मामा म्हणाले. "ह्यो दुधी बाजूला ठेव. ह्येची सावलीच पडत न्हाय. पैलवान मातीवर उभा हाय का वर लोंबकाळतोय, कळाय नगं?"

"कुठल्या तालमीत लावायचाय?"

"तालमीत न्हवं. पैलवान एवढं एवढं हायेत." मामांनी बोटानं माप दाखवलं.

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी वर्गातला चेहरा केला आणि म्हणाले, "शाळेचं काम आहे." या वाक्यावर गावात बरंच काही खपून जायचं.

साध्या काचेचा शंभरचा बल्ब मामांना पसंत पडला. तार स्वच्छ दिसते आणि सावली सुरीनं कापल्यासारखी पडते म्हणून. पण पत्रक वेगळंच सांगत होतं. कॅमेऱ्यावर एक खटका होता, एका बाजूला सूर्याचं चित्र, दुसऱ्या बाजूला बल्बाचं. बल्बाकडं खटका केला तरी घरगुती बल्ब चालत नाही, सगळं पिवळट येतं, फोटोवाल्यांचा खास पांढरा बल्बच पाहिजे, असं लिहिलं होतं. मी ते मामांना वाचून दाखवलं.

"लिवणाऱ्यानं कवा लाईट केलंय का?"

"मामा, कलरचा प्रश्न आहे."

कलर म्हटल्यावर त्यांनी वाद सोडला. स्टँडजवळच्या पासपोर्ट फोटोवाल्याकडून त्यांनी जुन्या ओळखीवर पाचशेचा बल्ब मागून आणला. दुधीभोपळ्याएवढा. फोटोवाल्यानं बजावून सांगितलं होतं, की याचं आयुष्य एकूण सहा तासांचं. सहा तास जळला की संपला. म्हणजे जुळवाजुळव करताना शंभरचा लावायचा, पाचशेचा फक्त चित्र काढण्यापुरता पेटवायचा आणि लगेच बंद करायचा.

दिवस ठरला अमावास्येचा. याला कारण होतं. आमच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी. तिची मोटर सुरू झाली की आमचे दिवे मान टाकायचे. चित्रागणिक उजेड कमीजास्त झाला असता तर पडद्यावर पैलवानांना हिवताप भरल्यासारखं दिसलं असतं. गिरणी महिन्यातून एकच दिवस पूर्ण बंद असायची, अमावास्येला. वर्षातले सगळ्यांत स्थिर दिवे आमच्या गल्लीत अमावास्येला जळायचे.

"अमुशाला कोण नवं काम काढतंय?" आत्या म्हणाल्या.

"कुस्ती कुणाची तरी वाईटच व्हायची हाय," मामा म्हणाले. "एकाला अमुशा लागूंदे."

सकाळी आठला आम्ही बाहेरचा उजेड अडवायला सोप्यातल्या खिडक्यांवर जाड वाकळा टांगल्या. मे महिना, पंखा बंद, कारण वाऱ्यानं माती हलते. माती मामांनी तालमीतून आणलेली, ताक, तेल, लिंबू आणि हळद घातलेली. पाटावर तिचा आखाडा केला. बिस्किटांचे पत्र्याचे डबे कापून बल्बांना मागून आडोसे केले. बटणापाशी आत्यांना बसवलं. मी कॅमेऱ्याशी, मामा दिव्यांशी.

मी म्हणाले, "आत्या, मी 'दिवा' म्हटलं की लावा, 'विझव' म्हटलं की..."

"घरात दिवा 'विझव' म्हणायचं न्हाय. शांत कर म्हण."

"आत्या, चारशे वेळा म्हणायचंय."

"मग चारशे बार शांत कर म्हण."

मी म्हणाले. "दिवा! शांत करा. दिवा! शांत करा." दर वेळी पैलवान केसभर पुढं. पाचशेचा पेटला की खोलीत दुपार व्हायची आणि तालमीच्या मातीतल्या ताकाला असा वास सुटायचा, की कुणीतरी कढी उतू घालवलीय असं वाटावं. मामा मधूनमधून पैलवानांच्या मागं हात धरून बघायचे आणि पुटपुटायचे, "ह्यो बलप न्हाय जमत. दोघंबी मातीत मिसळाय लागल्यात."

मला हिरवा चांगला उठून दिसत होता. मी लक्ष दिलं नाही.

अकराच्या सुमारास तांबड्या पैलवानाचा उजवा हात वाकला. डावपेच म्हणून नाही, तापून. मामांना माणसांवर दिवे लावायची सवय. माणूस तापला तर घाम येतो, तो पुसता येतो. प्लास्टिक तापलं की बसतं. दिवा दोन हात मागं घेतला, मामांनी खोक्यातून दुसऱ्या विटा काढून हात बदलला आणि आम्ही पुढं चालू केलं. तीसेक चित्रं झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की तांबड्या पैलवानाला हिरवा हात आहे.

"मामा, ही काय चेष्टा?"

"कसली?"

"तांबड्याला हिरवा हात लावलाय तुम्ही."

मामा वाकले. नाक आखाड्याला लागेपर्यंत वाकले. मग सरळ झाले आणि म्हणाले, "कंचा?"

बटणापाशी आत्या हसायला लागल्या. "आता कळलं व्हय तुला? माझ्या डव्हाळजेवणाला हिरवं लुगडं आणाय धाडलतं ह्यांस्नी. इटकरी घेऊन आले. आयाबाया म्हणाल्या, अगं, ही पोर व्हायच्या आदीच संन्यास घेतीया का काय?"

"दुकानदारानं फसवलं," मामा म्हणाले. "त्येच्याशी मरूस्तवर बोललो न्हाय मी."

"त्यो मेला, त्येला आजून कळलं न्हाय तुमी का रुसलाय ते."

मी पांढरं ताट आणि वाट्या आणल्या, ताटात खोक्यातल्या सगळ्या विटा ओतल्या आणि मामांना त्या रंगवार वाट्यांत टाकायला सांगितल्या. पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या त्यांनी झरझर वेगळ्या केल्या. तांबड्या आणि हिरव्या एकाच वाटीत टाकल्या, आणि तांदूळ निवडून झाल्यावर बघतात तसं समाधानानं बघितलं.

वर्गात मी हे शिकवत असे. काही माणसांना जन्मापासून तांबडा आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, ते आईकडून मुलाकडं येतं, त्यावर औषध नाही. फळ्यावर आकृती काढून सांगायला सोपं असतं. मामांना मी आकृतीशिवाय सांगितलं.

ते कॉटवर बसले. "म्हंजे आंधळाच की मी."

"नाही. दोन रंगांपुरतं."

"पिक्चरात रंग किती असत्यात?"

काळ्या-पांढऱ्या पिक्चरांत पस्तीस वर्षांत हे कुणालाच कळायचं कारण नव्हतं, त्यांनाही नाही. आत्यांनी हसणं थांबवलं होतं.

"सांगून धाडतो," मामा म्हणाले. "यायला जमत न्हाय म्हणून. गुडघं धरल्यात म्हणतो."

रडारडीला मला वेळ नव्हता. खोलीत श्वास घेववत नव्हता आणि पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून अर्ध्यात उभे होते. "ते नंतर ठरवा," मी म्हणाले. "आज अमावास्या आहे, उद्या गिरणी चालू होणार. माझी कुस्ती पुरी करून द्या."

मामांनी माझ्याकडं जसं बघितलं, तसं ते बहुधा पूर्वी निर्मात्यांकडं बघत असावेत. मग उठले.

"रंग तुझं तू बघ. लाईटला हात लावू नगंस."

मी तांबड्याला तांबडा हात बसवला. तोवर मामांनी सगळी मांडामांड मोडली. समोरून दोघांवर सारखा पडणारा पाचशेचा उचलून डाव्या बाजूला नेला आणि मध्ये पुठ्ठा धरून त्याचा उजेड एकट्या तांबड्यावर पाडला. शंभरचा हिरव्याच्या मागं खाली ठेवला. हिरवा अंधारात गेला, पण त्याच्या खांद्यांना आणि डोक्याला उजेडाची कड आली. एक पैलवान उन्हातला, एक सावलीतला. कुस्ती फिरेल तसे ते दर चित्राला पुठ्ठा सरकवत होते.

"आता दिसत्यात दोघं," मामा म्हणाले. "एक गोरा, एक काळा."

"मामा, एक बल्ब पांढरा आणि एक पिवळा झाला. पत्रकात लिहिलंय, दोन जातींचे मिसळू नका म्हणून."

"पत्रकाला म्हणावं, सोयरीक जुळवाय न्हाई बसलो आमी."

दुपारची भाकरी आम्ही आखाड्याच्या कडेला बसून खाल्ली. मामांनी खाल्ली नाही. पाचच्या सुमारास तांबड्यानं हिरव्याला उचललं. तांबड्याला गुडघे नसल्यामुळं मी हिरव्याखाली आगकाड्यांचे टेकू लावले होते. आता आपटायचा आणि छाती वर करायची, दहा-बारा चित्रं राहिली होती, तेवढ्यात फट्कन आवाज झाला आणि पाचशेचा गेला.

"मी न्हाय हं शांत केला!" आत्या ओरडल्या.

दुसरा पाचशेचा नव्हता. मामांनी शंभरचा हिरव्यामागून काढला, वीतभर अंतरावर आणला आणि सरळ तांबड्यावर रोखला. हिरवा पडलेला पार अंधारात. "हरलेल्यावर कशाला उजेड वाया घालवायचा?" म्हणाले. कुस्ती निकाली झाली.

रीळ धुवायला मुंबईला गेलं. त्या वेळी हे काम इथं होत नसे. एरवी मी विसरून गेले असते, पण मामा रोज पोस्टमनची वाट बघत होते. स्टुडिओला त्यांनी नकार कळवला नव्हता आणि होकारही कळवला नव्हता. आत्यांनी विचारलं की म्हणायचे, "रीळ येऊंदे." रिळात काय दिसल्यावर ते काय करणार होते, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. रंग बिघडलेले असतील तर त्यांचं काम जाणार, एवढं मला दिसत होतं. आणि बिघडले असतील तर निम्मा दोष त्या मिसळलेल्या बल्बांचा असणार होता, म्हणजे त्यांचाच.

कंपनी यायला चार दिवस असताना पाकीट आलं. फोटोवाल्याकडून प्रोजेक्टर आणला, भिंतीवर मामांचं धोतर ताणलं. सुरुवातीला रंकाळ्यावरच्या म्हशी आल्या. म्हशी गुलाबी होत्या. पाणी गुलाबी, पलीकडची झाडं गुलाबी, नवऱ्याची पाण्यात पडलेली सावलीसुद्धा गुलाबी. ते उन्हात काढलेलं, त्याला कुठलाच बल्ब लागलेला नव्हता.

"मुदत टळली होती," मी नवऱ्याला म्हणाले. "दूध नासलं."

एका फायलीनं त्याला दगा दिला होता.

मग कुस्ती आली. गुलाबी मातीत दोन गुलाबी पैलवान. सुरुवातीचं पाव मिनिट असं, की कोण कुणाला ढकलतंय काही कळत नाही, दोन ढिगारे एकमेकांत घुसतायत एवढंच. हिरवा हात कुठं लावला होता, तो मला स्वतःलाही शोधून सापडला नाही. आणि मग एकदम, मामांनी दिवे हलवले त्या जागेपासून, दोन पैलवान वेगळे झाले. एक लखलखीत, एक काळोखा आणि उजेडाची कड असलेला. कोण कुठं, कुणाचा हात कुणाच्या मानेवर, सगळं स्वच्छ. शेवटी तांबड्यानं आपटलं तेव्हा हिरवा अंधारात नाहीसाच झाला आणि विटांची छाती वर करून तांबडा एकटा उरला. नवरा टाळ्या वाजवायला लागला. "मारला की रं!" म्हणून ओरडला. चार महिन्यांत तो पहिल्यांदा ओरडला असेल.

मामा पुढं सरकून धोतराकडं बघत होते. रीळ संपून पांढरा चौकोन उरला तरी बघत होते. मग ते हसले. आधी नाकातून, मग पोट धरून.

"आता तुमास्नीबी माझ्यासारखंच दिसाय लागलं न्हवं?" म्हणाले. "फरक एवढाच, मला सवय हाय."

दुसऱ्या दिवशी ते स्टुडिओत होकार सांगायला गेले आणि येताना दिव्यांपुढं लावायच्या रंगीत पारदर्शक कागदांची गुंडाळी घेऊन आले. "ह्यातला कंचा कंचा हाय, सांग," म्हणून माझ्यापुढं टाकली. मी कात्री घेतली. तांबड्या कागदांच्या कोपऱ्याला एक खाच, हिरव्यांना दोन. बाकीचे त्यांना दिसत होतेच. अंधारात बोट फिरवलं तरी कळेल, असं काम केलं.

आत्या बघत होत्या. "माझ्या लुगड्यांस्नीबी पाडून ठेव गं दोन दोन," म्हणाल्या.

मुंबईची कंपनी आली त्या पहिल्या दिवशी मामा सकाळी सातला गेले आणि दिवेलागणीला परतले. चपला काढेपर्यंत मी दम धरला.

"कळलं का कुणाला?"

"मीच सांगितलं की. कॅमेरावाल्याला. म्हटलं, तांबडं-हिरवं मला कळत न्हाय. रंग तुमचं तुमी बघा, लाईटला हात लावू नगासा."

"मग?"

"त्यो म्हणाला, असूंद्या. मला डाव्या कानानं ऐकाय येत न्हाय. तुमी तेवढं डाव्या अंगानं बोलू नगासा."

मग हातपाय धुऊन ते पाटावर बसले आणि तीन भाकऱ्या खाल्ल्या. चौथी आत्यांना पुन्हा थापावी लागली.